अण्णांची धाप पोटातून निघाली होती, हे तुम्ही ओळखलंत

लॅबमधल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे ठाऊक आहे. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. माझ्या वडिलांसारखी, अण्णांसारखी खोकणारी माणसं कितीतरी घरांत असतील, आणि तुम्ही त्या दिवशी विचारलेला प्रश्न त्यांनाही कुणीतरी विचारावा, असं फार वाटतं.

आम्ही आलो होतो साध्या रक्ततपासणीला. सात महिने खोकला, रात्री छातीत घरघर. दमा म्हणून आधी पंप झाला, मग स्टिरॉइडच्या गोळ्या. पहिले काही दिवस उतार पडला आणि नंतर धाप आधीपेक्षा वाढली. भूक गेली, पोट फुगायला लागलं. डोस वाढवायचा विचार चालला होता, त्याआधी एकदा रक्त बघू, एवढंच कारण. तुम्ही सुई काढून कापूस दाबलात, फाइल चाळायला घेतलीत आणि एका जुन्या रिपोर्टपाशी थांबलात. "हा गोळ्या सुरू व्हायच्या आधीचा ना?" त्यात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत किंवा जंत झाले की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १,८०० होत्या. साधारण ५०० च्या आत असायला हव्यात, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. मग तुम्ही अण्णांकडे वळलात. "काका, कमरेला, मांडीला कधी खाज सुटते का? लाल रेघ उठते आणि बघता बघता पुढे सरकते, असं काही?"

अण्णा चमकलेच. ती रेघ त्यांना वर्षानुवर्षं उठत होती. पित्त उठलं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. डॉक्टरांना मी खोकल्याचं सगळं सांगितलं होतं, या रेघेचं एका शब्दाने नाही. छातीच्या दुखण्यात कमरेची खाज कशाला सांगायची, असं वाटलं होतं. ती चूक माझी.

संध्याकाळी नवा रिपोर्ट आला, त्यात इओसिनोफिल अवघ्या ४०. तो एकटा पाहिला असता तर कुणालाही सगळं ठीकच वाटलं असतं. स्टिरॉइडने या पेशी खाली येतात, म्हणून तुम्ही आधीचा कागद शोधला होतात.

तुम्ही तीन वेगवेगळ्या दिवशी शौचाचा नमुना आणायला सांगितलात. ताजा, फ्रिजमध्ये न ठेवलेला. पहिल्या दोनांत काही नव्हतं. खरं सांगते, तिसऱ्याला अण्णा कंटाळले होते, मीही. तुम्ही मात्र फोन करून आठवण केलीत. त्या तिसऱ्या नमुन्याची स्लाइड तुम्ही मला दाखवलीत, ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. पिवळट पाण्याच्या थेंबात काचेच्या तंतूसारखं काहीतरी वळवळत होतं, क्षणात आकडा, क्षणात सरळ. पाव मिलिमीटरची अळी. हुकवर्म या आतड्यातल्या दुसऱ्या जंताची अळीही अशीच दिसते, पण हिच्या तोंडामागची पोकळी आखूड असते, म्हणून ही स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंताची, असं तुम्ही समजावलंत. दुसऱ्या दिवशी अगारची, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीची बशीही दाखवलीत. अळ्या रात्रभर तिच्यावरून फिरल्या होत्या, त्यांच्या अंगाला लागून जंतू पसरले होते आणि जिथून जिथून त्या गेल्या तिथे तिथे ठिपक्यांच्या वेलबुट्ट्या उगवल्या होत्या.

त्यानंतर मी मिळेल ते वाचत सुटले. पोटातल्या जंताचा आणि छातीचा संबंध काय, हे कळल्याशिवाय चैन पडेना.

या अळ्या मातीतून कातडीत शिरतात, रक्तातून फुप्फुसात जातात, श्वासनळीतून वर चढतात, गिळल्या जातात आणि आतड्यात वाढतात. साधा गोल जंतही आतड्यातून यकृत, तिथून फुप्फुस आणि परत आतडं असाच फिरून येतो. जपानच्या शिमेसू कोइनो यांनी १९२२ साली गोल जंताची अंडी स्वतः गिळली आणि पुढे आपल्याच बेडक्यात अळ्या शोधून दाखवल्या. वाचताना मला तुमचीच आठवण झाली. स्ट्राँगिलॉइडिसची आणखी एक खोड आहे. त्याच्या काही अळ्या बाहेर पडतच नाहीत. आतड्याची भिंत किंवा गुदद्वाराजवळची कातडी भेदून त्या पुन्हा त्याच शरीरात शिरतात. कमरेवरची सरकणारी रेघ ती हीच. म्हणून एकदा झालेला संसर्ग दशकानुदशकं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत पडलेल्या सैनिकांमध्ये तो ४० वर्षांनंतरही सापडला आहे.

पण मला सगळ्यात हलवून सोडलं ते शरीराच्या उत्तराने. आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशींना जंताची चाहूल लागते आणि त्या आयएल-२५ नावाचा रासायनिक निरोप सोडतात. मग आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ ही रसायनं तयार होतात, इओसिनोफिल वाढतात, आयजीई हे ॲलर्जीतलं प्रतिपिंड वाढतं. आयएल-१३ मुळे आतड्यात चिकट स्राव वाढतो, स्नायू जोरात आवळतात, जंत सुटून वाहून जावा म्हणून. आतड्यात हे हिताचं. पण हाच प्रकार श्वासनळीत झाला तर? कफ दाटतो, नळ्या आवळतात, छाती वाजायला लागते. जंताला हुसकावण्यासाठी शरीराने उचललेलं हत्यार छातीत दम्याचं रूप घेतं. २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात तर दिसलं की आतड्यात तयार झालेल्या काही रोगप्रतिकारक पेशी स्वतःच निघून रक्तावाटे फुप्फुसात जाऊन पोचतात. मी पोटाचं आणि छातीचं खातं वेगळं ठेवलं होतं, शरीराने कधीच ठेवलेलं नव्हतं.

आता "जंत असले की ॲलर्जी होत नाही" असंही लोक सांगतात, आणि त्यात थोडं तथ्य आहे. उंदराच्या आतड्यात राहणारा एक जंत फुप्फुसात पाऊलही टाकत नाही, तरी त्याच्यामुळे तिथली ॲलर्जीची सूज कमी होते. तो प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी वाढवतो आणि आयएल-३३ हा धोक्याचा निरोप पकडून ठेवणारं प्रथिन सोडतो. माणसांमधल्या अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा हुकवर्म असलेल्यांत दमा कमी आणि गोल जंत असलेल्यांत जास्त दिसला. म्हणजे कुठला जंत, यावर सगळं अवलंबून. यावरून कुणी पोटात जंत पाळावेत असं म्हणत असेल, तर त्याने त्या सात महिन्यांतल्या एखाद्या रात्री अण्णांचा श्वास ऐकायला हवा होता.

स्टिरॉइडने नेमकी हीच फौज मागे घेतली जाते. इतकी वर्षं शरीराने मर्यादेत ठेवलेल्या अळ्या मग हजारोंनी वाढतात, फुप्फुसभर पसरतात, जाताना आतड्यातले जंतू रक्तात नेतात. यातून माणूस दगावतो. २०२० मध्ये कोविडसाठी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायला लागले, तेव्हा तज्ज्ञांनी याच जंताचा इशारा दिला होता. आणि आमच्याकडे तर डोस वाढवायचं चाललं होतं.

तुम्ही रिपोर्टच्या तळाशी पेनाने लिहिलंत, "रुग्ण स्टिरॉइडवर आहे. डॉक्टरांना फोनवर कळवले." आणि खरोखरच कळवलंत. पहिल्यांदा फोन लागला नाही, दुसऱ्यांदा "नंतर बोलू" असं उत्तर मिळालं, आणि तुम्ही तिसऱ्यांदा केलात. तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, तुमचा डबा टेबलावर तसाच होता. त्याच संध्याकाळी आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध सुरू झालं, गोळ्या हळूहळू उतरवत बंद केल्या. डॉक्टरांनी तुमचं ऐकलं, याबद्दल त्यांचेही आभारच.

दहाव्या रात्री मी दोनदा उठून अण्णांच्या खोलीत गेले. इतकी शांतता होती की भीती वाटली. ते कुशीवर झोपले होते, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत. सात महिन्यांत असे झोपलेले पाहिले नव्हते. मी दारात बसून रडले.

आता तीन महिने झाले. खोकला नाही, रेघ उठलेली नाही, इओसिनोफिल ३१० आहेत. पुढच्या सोमवारी पुन्हा नमुना घेऊन येतोय. अण्णांनी एक विचारायला सांगितलंय. त्यांना या वेळी स्वतः मायक्रोस्कोपमधून बघायचंय, काही दिसलं नाही तरी. दाखवाल ना?

तुमची,
अण्णांची धाकटी मुलगी