कोड पुसण्याआधी लिहून द्या

संपादक महोदय,

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांची माहिती नेमाने येते. जुनी गाडी सांभाळून चालवणाऱ्यांच्या वतीने मला आज गॅरेजच्या बिलाबाबत एक मागणी मांडायची आहे. शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत मी २७ वर्षे सहायक होते. आमची पेट्रोल गाडी ११ वर्षांची, घेतली तीही सेकंडहँड. यजमानांना आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीला न्यावे लागते, त्यामुळे ती दारात उभी राहून चालत नाही.

एके दिवशी डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी पळायची नेहमीसारखीच, फक्त सिग्नलला उभी असताना किंचित थरथरायची. गॅरेजमधल्या मुलाने गाडीच्या संगणकातली नोंद वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, लावला, दोषाचा क्रमांक म्हणजे कोड वाचला, लगेच पुसला आणि म्हणाला, ‘काकू, ऑक्सिजन सेन्सर गेलाय.’ सेन्सर बदलला, दिवा गेला. दहाव्या दिवशी परत लागला. दुसऱ्या खेपेला कोड पुन्हा पुसून इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, साफ करून दिले. त्याने पाच दिवस निघाले. तिसऱ्या खेपेला धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे नाव निघाले, तेव्हा मी गाडी तशीच घरी आणली. इतक्या फेऱ्यांत कोड कोणता आला, हे मला कोणी सांगितले नव्हते. बिलावर पार्ट आणि मजुरी, एवढेच.

शेजारची मुलगी ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करते. तिने आपला काडेपेटीएवढा ब्लूटूथ स्कॅनर दोन दिवस वापरायला दिला. स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या जरा वर, १६ पिनांचे एक सॉकेट असते, त्यात तो बसतो. अमेरिकेत १९९६पासूनच्या आणि युरोपात २००१पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ही व्यवस्था सक्तीची झाली आणि पुढे ती इतरत्रही रुळली. त्यामुळे ‘पी-०’ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ कुठल्याही कंपनीच्या गाडीत एकच असतो. ‘पी-१’चे कोड बहुधा त्या त्या कंपनीचे स्वतःचे असतात. आमच्या गाडीचा कोड निघाला पी-०१७१. म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

पेट्रोल नीट जळायला वजनाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. जळून गेलेल्या वायूत प्राणवायू किती उरला, हे ऑक्सिजन सेन्सर सांगतो आणि त्यावरून गाडीचा संगणक पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. ही वाढघट टक्क्यांत मोजतात, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. मोबाइलवर मी तो आकडा लावून बसले. इंजिन गरम, गाडी उभी: अधिक २२. म्हणजे संगणक नेहमीपेक्षा बावीस टक्के जास्त पेट्रोल ओतत होता. रेस देऊन इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर धरले, तर आकडा हळूहळू ६वर उतरला.

या उताराने मला वाट दाखवली. पंप किंवा फिल्टर पेट्रोल कमी देत असता, तर रेस वाढवल्यावर, चढाला, आकडा वाढायला हवा होता. आमचा उलट कमी होत होता. आमच्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत आहे. त्याच्यानंतर कुठे फट असेल, तर न मोजलेली हवा आत शिरते. गाडी उभी असताना इंजिन मुळात थोडीच हवा ओढते, म्हणून तेवढी चोरटी हवाही हिशेब बिघडवते. जोरात चालताना तीच हवा एकूण हवेत नगण्य ठरते.

ओढणी काढून ठेवली, केस बांधले आणि बॉनेट उघडले. पंखा आणि पट्ट्यांपासून हात लांब ठेवून रबराच्या नळीचे एक टोक कानाला लावले व दुसरे टोक इंजिनवरच्या एकेका जोडापाशी फिरवले. इंजिनातली वाफ इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे, नेणारा एक वाकडा होज (रबरी पाइप) आहे, त्याच्या खालच्या अंगाला बारीक ‘सुऽऽ’ ऐकू आले. इंजिन बंद करून निवू दिले. वरून होज धडधाकट दिसत होता. खाली बोट फिरवले, तर रबर तेलाने मऊ, चिकट झालेले, आणि वळणावर दाबल्याबरोबर नखाएवढी चीर उघडली. पुन्हा इंजिन सुरू करून चीर चिमटीत धरली. थरथर तिथल्या तिथे थांबली आणि मोबाइलवर पेट्रोलचा आकडा खाली येऊ लागला.

संपादक महोदय, आमचा जुना ऑक्सिजन सेन्सर बहुधा खरेच सांगत होता. हवा जास्त होतीच. त्याचे म्हणणे ऐकून फट शोधायची, ते सोडून आम्ही त्यालाच काढून टाकले. कोड हा तक्रार नोंदवतो. तो कुठला पार्ट बदला हे सांगत नाही.

होज बदलल्यावर मी कोड मुद्दाम पुसला नाही. गाडी चालवताना सलग तीन खेपांच्या तपासणीत दोष आढळला नाही, की दिवा आपोआप मालवतो. चौथ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर दिवा नव्हता. आता उभ्या गाडीत आकडा २-३च्या आसपास असतो.

मला सर्वांत जास्त खटकते ते घाईघाईने कोड पुसणे. कोड नोंदला जातो त्या क्षणाची स्थितीही संगणक जपून ठेवतो: वेग, इंजिनच्या फेऱ्या, तापमान, भार, पेट्रोलचा आकडा. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आमच्या पहिल्याच खेपेला ती वाचली असती, तर गाडी उभी असताना दोष धरला गेला हे तेव्हाच कळले असते. कोड पुसला की ही नोंद जाते आणि गाडीने स्वतःवर पूर्ण केलेल्या तपासण्याही परत पहिल्यापासून सुरू होतात. प्रयोगशाळेत निरीक्षण वहीत उतरवल्याशिवाय फळा पुसू द्यायचा नाही, हा माझा नियम होता. माणसाच्या कष्टाच्या पैशाला तेवढीच शिस्त हवी.

पैसे न लागणाऱ्या चाचण्या पुष्कळ आहेत. पी-०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर मिसिंग करतो, त्यातले पेट्रोल नीट पेटत नाही. प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज देणारी वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्याची तिसऱ्याला व तिसऱ्याची दुसऱ्याला लावायची. कोड पी-०३०३ झाला, तर कॉइल खराब. तिथेच राहिला, तर प्लग, इंजेक्टर बघायचे. पी-०४२० आला म्हणून लगेच कन्व्हर्टर बदलू नये. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला गळती असली, तरी तो येतो. आणि एकदम दोन-चार असंबद्ध कोड आले, तर आधी बॅटरीचे टर्मिनल व व्होल्टेज पाहावे.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र यातले काही करत बसू नये. इंजिन इतके मिसिंग करते आहे की न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टर जाळू शकते. वेग कमी करावा आणि सुरक्षित जागी गाडी थांबवावी. ऑइलचा लाल दिवा तर वेगळाच, तो लागला की इंजिन तत्काळ बंद. साधा स्कॅनर एअरबॅग किंवा ब्रेकचे कोड बहुधा वाचत नाही, तिथे जाणकारच हवा. काम झाले की स्कॅनर काढून ठेवावा, कारण त्या सॉकेटला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असतो.

मेकॅनिक मंडळींवर माझा राग नाही. दिवसभर तेलात हात घालून काम करणाऱ्यांना सांगणारी मी कोण? पण ग्राहकाला कोड माहीत असेल, तर त्यांच्याशी बोलणेही सोपे होते. माझी मागणी साधी आहे. बिलावर चार ओळी वाढाव्यात: आलेला कोड, फ्रीझ फ्रेममधले आकडे, पार्ट बदलण्याआधी केलेली चाचणी आणि तिचा निष्कर्ष. आपण आपल्या पानावर या चार ओळींची एक रिकामी चौकट छापावी. वाचकांना ती कापून गाडीच्या कप्प्यात ठेवता येईल, आणि स्कॅनर लागण्याआधी मेकॅनिकच्या हाती देता येईल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक