चवथीला अर्धवट राहिलेला सिनेमा

वास्को

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं जमत नाही. बाबा, तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "बरं, जेवलास का?" म्हणता आणि विषय संपतो. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितोय.

गणेशचवथीच्या दुसऱ्या रात्री मी टीव्हीवर 'इटर्नल्स' हा मार्वलचा सिनेमा लावला होता. पाऊण तासात तुम्ही रिमोट उचललात. "ह्याला पेपरवाल्यांनी झोडपलंय ते काय उगाच?" म्हणालात आणि बातम्या लावल्यात. आई तर नेवऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन केव्हाच पेंगत होती. मी गप्प बसलो, कारण सणाच्या दिवशी सिनेमावरून भांडलेला मुलगा म्हणून चार घरांत नाव व्हायला नको होतं.

झोडपलाय हे खरं. 2021 साली आला, तेव्हा रॉटन टोमॅटोज ह्या समीक्षा गोळा करणाऱ्या साइटवर निम्म्याहून कमी समीक्षकांनी त्याला बरा म्हटलं. 47 टक्के. मार्वल स्टुडिओच्या सिनेमाला तिथे 'नासका' शिक्का बसण्याची ती पहिलीच वेळ. आणि दिग्दर्शिका कोण, तर क्लोई झाओ, जिला त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'नोमॅडलँड'साठी ऑस्कर मिळालं होतं. तुम्ही इफ्फी चित्रपट महोत्सवाचा पास गळ्यात अडकवून पणजीला जाणारे, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. एवढी मोठी बाई आणि हे काय करून बसली!

त्यातलं वाईट काय, ते मीच आधी सांगतो. ते राक्षस कंटाळवाणे आहेत. दोऱ्या गुंडाळून केलेल्या कुत्र्यांसारखे दिसतात. मुख्य नायकाच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. दहा वीर, सात हजार वर्षांची गोष्ट, बॅबिलॉनपासून गुप्तकाळातल्या लग्नापर्यंत सगळं दोन तास छत्तीस मिनिटांत कोंबलंय. जागा अपुरी पडणारच. (आई, त्यातला एक वीर मुंबईत सिनेनट होऊन बसलाय. तोच पणजोबा, तोच आजोबा, तोच नातू. घराणेशाहीवर याहून चांगला टोला मी पाहिला नाही. त्याच्यासोबत कॅमेरा घेऊन फिरणारा नोकर म्हणजे हरीश पटेल, आपल्या जुन्या हिंदी सिनेमांतले. पाहिलंस की ओळखशील.)

पण "संथ आहे, नुसते बोलतात" ही तक्रार तुमच्या तोंडी शोभत नाही, बाबा. जत्रेत काला, म्हणजे दशावतारी नाटक, असला की तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात. आधी आडदशावतार, गणपती येणार, सरस्वती येणार, मग लाल जीभ काढून संकासुर. खरं आख्यान सुरू होईपर्यंत मी तुमच्या मांडीवर झोपलेला असायचो. पुठ्ठ्याचा मुकुट घातलेला देव पंधरा पंधरा मिनिटं बोलत असायचा आणि तुम्ही माना डोलवायचात. तेव्हा कोणी घड्याळ बघत नव्हतं. "रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" हे तुम्हीच मला शिकवलंत. ह्या सिनेमातले देवही तसेच आहेत. युद्ध संपलंय, कामगिरी संपलीय, आता कोणी शाळेत शिकवतोय, कोणी संसार करतोय, कोणी दारामागे लपून दिवस काढतोय. पेपरवाल्यांना मारामाऱ्या कमी पडल्या. मला वाटतं, बाईला मारामाऱ्यांत रसच नव्हता. तिचं मन ह्या सकाळच्या बोज्यात होतं.

तुम्ही बातम्या लावल्यात त्याच्या पुढेच ते येणार होतं, ज्यासाठी मी तो लावला होता.

दहा जणांत थीना नावाची एक योद्धी आहे. तिला अधूनमधून भान राहत नाही. डोळे पांढरे होतात आणि ती आपल्याच माणसांवर शस्त्र उगारते. त्यांची प्रमुख म्हणते की तिची स्मृती पुसून टाकावी, म्हणजे तिलाही त्रास नाही, बाकीच्यांनाही नाही. तेव्हा गिल्गमेश नावाचा एक आडदांड गडी पुढे होतो आणि म्हणतो, मी सांभाळतो. पुढची पाचशे वर्षं तो तेच करतो. ऑस्ट्रेलियाच्या माळरानावर एक घर, अंगाला एप्रन, तो तिच्यासाठी रांधतो. त्याची ताकद अशी की एका बुक्कीत डोंगर हलावा, आणि काळजी कसली, तर तिचं जेवण झालं का ह्याची. मधेच पाहुणे येतात, त्यांना तो मक्याची दारू पाजतो, आणि ती स्वतःच्या थुंकीने आंबवलीय हे नंतर सांगतो. थिएटरात लोक हसले. मला हसता आलं नाही.

आजी जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

आई, काका लोक जमले होते ती दुपार मला आठवते. कोणी म्हणालं औषध देऊन झोपवून ठेवा, कोणी म्हणालं एखाद्या केंद्रात ठेवा. तू सोलकढीचे पेले गोळा करत होतीस. पाठ न वळवता म्हणालीस, "मी बघते." तेवढंच. त्यानंतर चार वर्षं तिन्हीसांजा झाल्या की आजी लुगड्यात दोन कपडे बांधून दारात उभी राहायची, "कुर्डीला जाते" म्हणून. तू तिचा हात धरून तुळशीभोवती तीन फेऱ्या घालायचीस आणि म्हणायचीस, "आलं बघा घर." तिने एकदा पळी फेकून मारली, त्याचा व्रण अजून तुझ्या मनगटावर आहे. विचारलं की भाजी चिरताना कापलं म्हणून सांगतेस.

आम्ही सगळे म्हणायचो, आजीला भ्रम झालाय. बाबा, तुम्हीही. सिनेमात पुढे कळतं की थीनाला भ्रम नव्हताच. ह्याआधी नष्ट झालेल्या जगांची तिला आठवण येत होती, आणि ती जगं खरोखर होती. ते ऐकताना मी खुर्चीत ताठ झालो. कुर्डी काय, कल्पनेतलं गाव होतं? गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी म्हणून तुम्हीच पाहुण्यांना मिरवून सांगता. ऐंशीच्या दशकात साळावली धरणाचं पाणी भरलं आणि आजीचं माहेर, विहीर, परसू सगळं खाली गेलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की पाया उघडा पडतो, सोमेश्वराच्या देवळाशी माणसं जमतात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा जातं. आजी जे घर शोधत होती ते सांगे तालुक्यात होतं. आम्हीच तिला चुकीचं ठरवत होतो.

एवढ्यासाठी मी तो सिनेमा लावला होता. राक्षसांसाठी नाही.

गिल्गमेश अर्ध्यातच मरतो, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आई मला बोलेल. मरताना तो थीनाला एवढंच सांगतो की विसरू नकोस. आपल्याकडे उलटं झालं, आजी आधी गेली. पण आई, तू अजून तिन्हीसांजेला कामाशिवाय तुळशीपाशी जाऊन उभी राहतेस, ते मी चवथीला पाहिलं.

दिवाळीला येतो तेव्हा पुन्हा लावीन. सुरुवातीचा तास पळवून थेट ऑस्ट्रेलियाच्या घरापासून बघू, राक्षस आले की तुम्ही खुशाल पोह्यांच्या तयारीला उठा. रिमोट मात्र माझ्याकडे राहील. आणि मे महिन्यात दोन दिवस रजा टाकलीय. गाडी घेऊन डिचोलीला येईन, तिघं मिळून कुर्डीला जाऊ. आजीच्या घराचा पाया कुठे होता ते बाबांना ठाऊक आहे ना? मामाआजोबांना विचारून ठेवा. चिखल सुकलेला असतो पण भेगा मोठ्या पडतात, आईसाठी पट्ट्याच्या चपला घ्या.

तुमचा,
बाबू