डॉक्टर मॅडम, तुम्ही आईच्या हाती पेन दिलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमच्या केबिनमध्ये नीट आभार मानायला कधी जमतच नाही. बाहेर रांग असते आणि आईला घरी जायची घाई असते. म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहिते.

आईच्या अल्झायमरसाठी, म्हणजे त्या विसरण्याच्या आजारासाठी, तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधी आम्ही बरेच उंबरठे झिजवले. एकांनी मान वर न करताच सांगितलं, 'वय झालं, आता असंच चालायचं.' दुसऱ्यांनी स्मरणशक्तीचं महागडं सिरप दिलं. आणखी एकांनी तर आईच्या देखत मला विचारलं, 'घरीच ठेवणार की आश्रमात?' डिचोलीकडच्या मराठी शाळेत जिने गावातल्या दोन पिढ्यांना मुळाक्षरं गिरवायला शिकवली, तिच्यासमोर असं बोलताना या शिकलेल्या माणसांना काहीच कसं वाटलं नाही? तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी आमची औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावलीत आणि लघवीच्या त्रासाची एक गोळी बाजूला काढलीत. अल्झायमरमध्ये मेंदूतलं ॲसिटिलकोलिन हे आठवणीसाठी लागणारं रसायन कमी पडतं, डोनेपेझिल ही आईची अल्झायमरवरची गोळी ते टिकवायला बघते आणि ही लघवीची गोळी नेमकं त्याचंच काम अडवते, हे तुमच्याकडून कळलं. दोन्ही गोळ्या आईच्या पोटात कधीपासून एकत्र जात होत्या! लिहून देणारे वेगळे, आणि मध्ये विचारणारं कोणी नाही. बी-12, थायरॉइड, ईसीजी हेही तुम्हीच करून घेतलंत.

खोटी आशा मात्र दाखवली नाहीत. डोनेपेझिलने थोडाफार आधार मिळेल, आजार थांबणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगितलंत. 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या लेकॅनेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाबद्दल माझा भाऊ रोज मेसेज पाठवत होता. ते आजाराच्या अगदी सुरुवातीलाच देतात, त्याने मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्राव होण्याचा धोका असतो आणि आईची ती पायरी मागे पडली आहे, हे तुम्ही त्याला फोनवर शांतपणे समजावलंत. ऐकताना जड गेलं, पण त्या दिवसापासून आमची इकडून तिकडे धावाधाव थांबली.

पण हे पत्र मी लिहितेय ते आईच्या स्मरणशक्तीच्या चाचणीच्या दिवसासाठी. आईला साल आठवेना. 100 मधून 7 वजा करताना ती अडली आणि तिचा चेहरा पडला. मग तुम्ही तिला मनाने एक वाक्य लिहायला सांगितलंत. तिने लिहिलं, 'पाटी स्वच्छ पुसावी.' तुम्ही ते मोठ्याने वाचलंत, अक्षराकडे बघत राहिलात आणि एक कोरा कागद पुढे सरकवून स्वतःचं पेन तिच्या हातात दिलंत. 'बाई, औषध तुमचं आहे. वेळा मी सांगते, तुम्ही लिहा.' एका शब्दाला ती थांबली. मी पुढे वाकले, तर तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. बाहेर माणसं ताटकळत होती, तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत. तिने दोन्ही ओळी पुऱ्या केल्या, वर शुद्धलेखनही तपासलं.

तो कागद आमच्या कपाटावर चिकटवलेला आहे. माझ्या हातची गोळी ती थुंकून टाकायची, मी विष घालते म्हणायची. आता स्वतःचं अक्षर वाचते आणि बहुतेक रात्री हात पुढे करते. कधी नाहीही करत. बाबा बाजारातून अजून का आले नाहीत, हे विचारणंही थांबलेलं नाही. पण औषधावरून होणारं रोजचं रडणं-भांडण गेलं, आणि आमच्या घरात ते किती मोठं आहे हे मी तुम्हाला कसं सांगू!

आजारी माणसाशी माणसासारखं बोलायला ना मशीन लागतं ना जादा फी. तुमच्या दारावरचा शिपाईसुद्धा आईला 'बसा बाई' म्हणत खुर्ची पुढे करतो. तुम्हाला बघूनच तो हे शिकला असणार. शेवटी तुम्ही मलाही विचारलंत, 'तुला झोप मिळते का?' आजवर कोणी विचारलं नव्हतं. प्रशिक्षण दिलेली साधी माणसं घरी येऊन धीर देऊ लागली की सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण हलका होतो, हे आपल्या गोव्यातल्याच, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं, हेही तेव्हा सांगितलंत. आता दुपारी शेजारची काकी आईजवळ बसते आणि मी थोडी पडते.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आई रोज वहीत थोडं लिहिते, कुळीथ निवडते, तिन्हीसांजेला आरती म्हणते. पुढच्या भेटीला वही घेऊन येते. आणि चवथीला आमच्याकडे नक्की या.

तुमची,
डिचोलीच्या बाईंची मुलगी