भिंतीला भोक पाडण्यापूर्वी

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

स्वयंपाकघरात चिमणी बसवण्याचे तुम्ही ठरवले आहे आणि मिस्त्रीशी बोलणेही झाले आहे, असे परवा बाबांनी फोनवर सांगितले. निर्णय मला मनापासून पटला. येसरासाठी मसाला भाजायला घेतला की आईला जो ठसका लागतो तो पुढे दोन दिवस जात नाही, आणि खिडकीतल्या जुन्या पंख्याला शेगडीवरचा धूर धरता येत नाही, कारण धूर तिथपर्यंत पोहोचण्याआधीच घरभर पसरलेला असतो. तरीही भिंतीला हात लावण्यापूर्वी हे पत्र तुमच्या हाती पडावे असे वाटले. फोनवर या गोष्टी नीट सांगता येत नाहीत, आणि बाबांना लिहिलेलेच पटते.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आपल्या भिंतीची आहे. आपले घर १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातले आहे आणि दारे-खिडक्यांच्या डोक्याशी, साधारण सात फुटांवर, सिमेंट-काँक्रीटचा सलग पट्टा घराभोवती फिरवलेला आहे. भूकंपात चारही भिंतींनी एकमेकींना धरून राहावे म्हणूनच तो घातलेला असतो. आता हिशेब पाहा. ओटा बत्तीस इंच, त्यावर शेगडी चार-पाच इंच, आणि शेगडीपासून चिमणीचा तळ ६५ ते ७५ सेंटीमीटर, म्हणजे सव्वीस ते तीस इंच वर हवा. त्यावर चिमणीची स्वतःची उंची धरली की धुराचा पाइप नेमका त्या पट्ट्याच्या आसपास भिंतीतून बाहेर काढावासा वाटतो, आणि सहा इंचांचे भोक पाडताना कटर काँक्रीटला लागला तरी मिस्त्री थांबत नाही, आतली सळई कापून मोकळा होतो. असे होता कामा नये. भोक पट्टा आणि स्लॅब यांच्या मधल्या विटांच्या भागात घ्यावे. तिथे जागा नसेल तर खिडकीची वरची काच काढून तिच्या जागी पत्रा बसवावा आणि पाइप त्यातून न्यावा. दिसायला ते जरा ओबडधोबड दिसेल, पण भिंत शाबूत राहील.

पाइपाबद्दल मिस्त्रीशी वाद घालावा लागला तरी घालावा. तालुक्याच्या दुकानात सांडपाण्याचा चार इंची पाइप सहज मिळतो आणि तोच बसवून देण्याकडे कारागिरांचा कल असतो. चिमणीचे तोंड सहा इंचांचे असताना पाइप चार इंचांचा लावला तर हवेला जाण्याची वाट निम्म्याहूनही कमी उरते. मग मोटर नुसती ओरडते आणि धूर खालीच घोटाळतो. आईला ज्या आवाजाची भीती वाटते, त्यातला बराचसा चिमणीचा नसून अशा आवळलेल्या पाइपाचा असतो. पाइप सहा इंची, शक्य तितका आखूड, आणि वळण एखादेच असावे. घडीचा लवचीक पाइप वापरलाच तर तो पूर्ण ताणून लावावा, कारण प्रत्येक घडी हवेला अडवते आणि तिच्यात तेल साचते. बाहेरचे तोंड पश्चिमेकडे ठेवू नये, पावसाळ्यात वारा आणि झड तिकडूनच येते. त्या तोंडावर आपोआप मिटणारी झडप असलेली टोपी बसवावी. पारव्यांच्या भीतीने बारीक जाळी लावाल तर ती महिन्या-दोन महिन्यांत तेलाने बुजून जाईल. आणि जिथे आई कुरडया-पापड वाळत घालते त्या बाजूला हे तोंड मुळीच नको.

चिमणी तासाला किती घनमीटर हवा ओढते याचा आकडा खोक्यावर असतो, त्याने भारावून जाऊ नये. आपले स्वयंपाकघर दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि दहा फूट उंच, म्हणजे साधारण २३ घनमीटर. तासाला दहा-बारा वेळा खोलीतली हवा बदलावी असा ढोबळ हिशेब धरतात. तो २७५ घनमीटरच्या आसपास येतो. आपल्या फोडण्या आणि पाइपातली घट लक्षात घेऊन तो दुप्पट केला तरी जाहिरातीतल्या चौदाशे-पंधराशेची आपल्याला गरज नाही, शिवाय तो आकडा बहुधा पाइप न जोडता मोजलेला असतो. दोन-तीन बर्नरच्या शेगडीला साठ सेंटीमीटर रुंदीची चिमणी पुरते. पाइपाची कटकट नको म्हणून दुकानदार बिनपाइपची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी दाखवील, ती घेऊ नये. ती वास थोडा कमी करते, पण वाफ आणि उष्णता खोलीतच परत सोडते, आणि तो फिल्टर धुता येत नाही, काही महिन्यांनी नवाच आणावा लागतो.

बाबांना जाहिरातीतली ‘फिल्टर नसलेली, आपोआप साफ होणारी’ चिमणी आवडली आहे, हे मला ठाऊक आहे. माझे मत वेगळे आहे. तिच्यात तेलाचा धूर थेट आतल्या पंख्यावर जातो. तापवून वितळलेले तेल वाटीत उतरते हे खरे, पण सगळे उतरत नाही, आणि उरलेले चिकट तेल काढायचे तर पंखा खोलण्यासाठी लातूरहून माणूस बोलवावा लागतो आणि त्याची वाट पाहावी लागते. त्यापेक्षा स्टीलच्या वाकवलेल्या पट्ट्यांचा बॅफल फिल्टर असलेली चिमणी घ्यावी. जमिनीवर उभे राहूनच फिल्टर काढता येतो, आणि दर पंधरा दिवसांनी कढत पाण्यात भांड्यांचा साबण आणि थोडा खाण्याचा सोडा घालून तो तासभर बुडवून ठेवला की ब्रश फार घासावा लागत नाही. भाकरीचे उडालेले पीठ तेलात मिसळून त्यावर खळीसारखा थर देते, त्यामुळे आपल्याकडे महिनाभर थांबून चालणार नाही. बोअरचे पाणी जड असल्याने धुतल्यावर फिल्टर कोरड्या फडक्याने पुसावा, नाहीतर पांढरे डाग धरतात. फिल्टर पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नये, आणि काढण्यापूर्वी बटण नव्हे, प्लगच काढावा. आतल्या पंख्याची सफाई मात्र वर्षातून एकदा माणसाकडून करून घ्यावी. त्यासाठी बाबांनी स्टुलावर चढायचे नाही, ही माझी अट समजा.

वायरमनकडून अर्थिंग असलेला तीन पिनांचा स्वतंत्र सॉकेट शेगडीच्या थेट वर न घेता बाजूला घ्यावा. चिमणी फोडणीच्या आधी दोन-तीन मिनिटे सुरू करावी आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे चालू ठेवावी. समोरच्या बाजूची खिडकी बोटभर तरी उघडी हवी, कारण बाहेर गेलेल्या हवेच्या जागी हवा यायला वाट लागते. ती मिळाली नाही तर शेजारच्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरची विषारी हवा उलटी घरात ओढली जाऊ शकते. न्हाणीघराचा झरोका आईने थंडीत कापड कोंबून बंद केलेला असतो, तो आता कायमचा उघडा ठेवावा.

भरताची वांगी मोठ्या आचेवर चिमणीखाली भाजू नयेत, मागच्या अंगणातली चूल त्यासाठी उत्तम आहे. कढईतल्या तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करावा, झाकण ठेवावे आणि चिमणीही बंद करावी, म्हणजे ज्वाळा वर ओढली जात नाही. पाणी ओतू नये. गॅसचा वास आला तर मात्र चिमणीच्या बटणाला हातच लावू नये, बटणाची ठिणगी पुरते. शिवाय सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, चिमणी तो ओढून घेत नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा.

बाबा, मिस्त्रीला पुन्हा बोलावण्यापूर्वी तीन मापे टेपने घेऊन कळवा: ओट्यापासून स्लॅबपर्यंतची उंची, काँक्रीटच्या पट्ट्याचा वरचा काठ जमिनीपासून किती उंच आहे ते, आणि शेगडीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंतचे अंतर. पट्टा गिलाव्याखाली दडला असेल तर खिडकीच्या वरच्या काठापासून अंदाज येईल. मापे आली की मी इथून चिमणीचे दोन-तीन नमुने पाहून ठेवीन, पण खरेदी लातूरलाच करू, म्हणजे दुरुस्तीचा माणूस जवळचा राहील.

तुमची,
ताई