रस्ता ताब्यात घेण्याआधी त्यावर टँकरभर पाणी ओता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातल्या एका मध्यवर्ती पेठेत आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. शाळा उघडण्याआधीचा आठवडा हीच आमची दिवाळी. शनिवार, ८ जून २०२४ रोजी ऐन त्या गर्दीत पाऊस कोसळला. शिवाजीनगर वेधशाळेत त्या दिवशी शंभर मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली. बघता बघता रस्त्यावरचे पाणी उंबरा ओलांडून आत आले आणि खालच्या दोन फळ्यांवरचा सगळा माल भिजला. वह्यांचा गठ्ठा पाणी प्यायला की फुगतो आणि त्याची सुतळी तटकन तुटते. वीज गेलेली होती. रात्री उशिरापर्यंत अंधारात तो आवाज अधूनमधून येत होता.

पाऊस मोठा होता, हे मला मान्य आहे. पण दुकानासमोरचा रस्ता जेमतेम वर्षभरापूर्वी नव्याने केलेला होता. चार महिने खोदाई, धूळ, राडारोडा आणि बंद वाहतूक आम्ही सहन केली ती एकाच आशेवर, की आता पावसाळी वाहिनी नवीन होणार आणि पाण्याची कटकट कायमची मिटणार. झाले उलटेच. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर पाणी साचायचे, पण ते रस्त्यावरच राहायचे. नव्या, गुळगुळीत काँक्रीटवरून ते थेट दुकानात आले.

वडिलांनी १९७१ मध्ये हे दुकान घेतले तेव्हा रस्त्यावरून आत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. लहानपणी मधल्या पायरीवर बसून मी शाळेचा डबा खाल्ला आहे. पुढे दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावरच डांबराचा नवा थर चढत गेला आणि पायऱ्या एकेक करून रस्त्याच्या पोटात गेल्या. आता एकच उरली आहे, तीही निम्मी. पेठेतल्या कोणत्याही जुन्या वाड्यासमोर उभे राहून पाहा. दिंडी दरवाजातून आत जाताना पूर्वी पाय वर उचलावा लागे, आता खाली टाकावा लागतो. घर खचलेले नाही, रस्ता वर आला आहे. पाणी रस्ता सोडून घराकडे वळते यात त्या पाण्याचा काय दोष?

नवे काम चालू असताना मी रोज दुकानात बसून ते पाहत होतो. एक गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. काँक्रीट टाकून झाले आणि दोन दिवसांनी लक्षात आले की दोन चेंबर त्याखाली गडप झाले आहेत. मग एक मजूर पहार घेऊन आला. दर हातभर अंतरावर ठोकून, मान वाकवून, पोकळ आवाज कुठे येतो ते ऐकत होता. अर्ध्या तासाने आवाज सापडला आणि तिथले ताजे काँक्रीट फोडले. बिचाऱ्याने चोख काम केले, पण हे काम त्याच्यावर आलेच का? चेंबर कुठे आहेत याचा नकाशा ठेकेदाराच्या माणसाकडे असायला नको?

आणि दुकानासमोरची पाणी जाण्याची जाळी! ती रस्त्यापेक्षा दोन बोटे उंच बसवली आहे. जाळीच्या भोवती डबके आणि जाळी मधोमध कोरडी, हे दृश्य आम्ही सगळा पावसाळा पाहिले. मी मोजपट्टी लावून फोटो काढले आणि अर्जाला जोडून दिले. पोच मिळाली, जाळी आहे तिथेच आहे.

मी अभियंता नाही. पण त्या पावसानंतर ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांकडे बसून हे सगळे समजून घेतले. रस्त्याला मध्यापासून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार असावा लागतो. आमचा रस्ता बारा मीटर रुंद, म्हणजे मध्य आणि कड यांत बारा ते पंधरा सेंटिमीटरचा, साधारण अर्ध्या वितीचा फरक हवा. तेवढ्या फरकानेच पाणी कडेच्या जाळीपर्यंत पोचते. तो बिघडला की खाली कितीही मोठा पाइप टाकला तरी तो रिकामा राहतो, कारण पाणी त्याच्यापर्यंत जातच नाही. डांबरी रस्त्याचे तर आणखी वाईट. साचलेले पाणी भेगांतून आत मुरते, वरून चाकांचा दाब बसतो, डांबराची खडीवरची पकड सुटते आणि खड्डा पडतो. म्हणजे आपण खड्ड्यांच्या नावाने ओरडतो, पण मूळ दुखणे बहुतेक वेळा पाण्याचे असते.

आकडा त्यांनीच मांडून दाखवला. पाचशे मीटर लांब, बारा मीटर रुंद रस्त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसत्या रस्त्यावर सहा लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे साठ टँकर! त्यात दोन्ही बाजूंच्या गच्च्यांचे पाणी अजून धरलेलेच नाही. ते कित्येक ठिकाणी सांडपाण्याच्या ड्रेनेजला जोडलेले असते, म्हणून मोठ्या पावसात ड्रेनेजची झाकणे उसळतात आणि घाण रस्त्यावर येते.

याच शहरात जमिनीखालची कामे चांगली झालेली आहेत, म्हणून जास्त वाईट वाटते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वरून आत उतरायची तोंडे, ठेवली होती. कशासाठी? आत उतरून पाहता यावे, गाळ काढता यावा म्हणून. जे पुरायचे त्याच्यापर्यंत पुन्हा पोचता आले पाहिजे, हे त्या कारागिरांना अडीचशे वर्षांपूर्वी कळत होते. जंगली महाराज रस्त्याची गोष्ट तर प्रत्येक पुणेकराला तोंडपाठ आहे. रेकॉन्डो कंपनीने १९७६ मध्ये तो केला, १० वर्षांची हमी लिहून दिली आणि पुढे कितीतरी दशके तो बिनखड्ड्याचा राहिला. आपण सगळे त्या रस्त्याचे कौतुक करतो. पण कंत्राटात हमी होती आणि ती मागणारे कोणीतरी होते, यावर फारसे बोलत नाही.

हमी आजही असते. दोषदायित्व कालावधी असे तिचे नाव. पण तिच्या नावाने खड्डे बुजवण्याचीच चर्चा होते. पाणी साचले तर तो दोष धरला जातो असे निदान मला तरी कुठे दिसले नाही. तो धरला गेला पाहिजे.

महापालिकेकडे माझी मागणी एकच आहे. रस्ता पूर्ण झाला असे कागदावर लिहून शेवटचे बिल काढण्याआधी त्यावर टँकरभर पाणी ओता. दिवसाढवळ्या, रहिवासी आणि दुकानदारांसमोर, रस्त्याच्या मध्यावर, दर पन्नास मीटरवर थोडे थोडे. पाणी कुठे जाते ते सगळे मिळून पाहू. जाळीत गेले तर सही करा. डबके झाले किंवा कोणाच्या उंबऱ्याकडे वळले, तर ती जागा खडूने आखा आणि दुरुस्ती झाल्यावरच पैसे द्या. साठ टँकरांचा पाऊस एका टँकरने तपासता येत नाही, हे मला कळते. पण उंच बसलेली जाळी, उलटा उतार आणि गाडलेला चेंबर एवढे त्यात नक्की उघडे पडेल. मी स्वतः रस्ता खुला होण्याच्या आदल्या संध्याकाळी मध्यावर एक बादली पाणी ओतून पाहिले होते. ते सरळ माझ्या दाराशी आले. त्याच वेळी मी आरडाओरडा करायला हवा होता. रस्ता नवा आहे, करणाऱ्यांना कळत असेल, असे म्हणून गप्प बसलो याचे आजही वाईट वाटते.

आम्हा दुकानदारांकडूनही चुका झाल्या आहेत. गाडी चढवायला सोपे जावे म्हणून कडेच्या गटारावर सिमेंटचा उतार करणारे आमच्यातलेच आहेत. रात्री दुकान झाडून कचरा जाळीत लोटणारेही आहेत. आमच्या बाजूच्या अकरा दुकानांनी हे उतार स्वखर्चाने काढले. समोरच्या बाजूशी बोलणे चालू आहे.

आणि पाणी जाळीत गेले म्हणजे संपले असेही नाही. शेवटी ते ओढ्यांनाच मिळणार. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले ते आपण विसरलेलो नाही. काठावरच्या वस्त्यांत माणसे गेली, संसार वाहून गेले. ओढ्याचे पात्र आवळलेले राहिले तर वरच्या रस्त्यांच्या पावसाळी वाहिन्या कितीही नीट केल्या तरी ते पाणी खालच्या माणसाच्या घरात जाईल. माझे दुकान कोरडे राहावे म्हणून दुसऱ्याचे घर भिजावे, असे मला नको आहे.

आमच्या शेजारच्या रस्त्याचे काम दिवाळीनंतर सुरू होणार असे ऐकतो. मार्चअखेरच्या घाईत ते उरकू नये. आधी जुना थर खरवडावा, मग वाहिनी टाकावी, चेंबरच्या जागा कागदावर नोंदवाव्यात आणि वरचा थर सगळ्यांत शेवटी टाकावा. चाचणीच्या टँकरचे पैसे आम्ही दुकानदार वर्गणी काढून देऊ. तारीख फक्त दोन दिवस आधी कळवावी, म्हणजे सगळ्यांना हजर राहता येईल.

आपला,
एक दुकानदार, पुणे