एकरी किती पिकलं ते छापता, उरलं किती ते पण छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर नेहमी फोटो येतो, कास्तकार पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वावरात, उभा, खाली लिहिलेलं असते एकरी एवढे क्विंटल. चांगलंच आहे, आमच्या घरीही ते पान पहिले वाचलं जाते. पण त्या माणसाच्या खिशात शेवटी किती राहिले ते काही कुठं लिहिलेलं नसते. म्हणून हे पत्र, थोडं लांबेल, माफ करा.

आमचं सहा एकर आहे, कोरडवाहू. घरात सासू, सासरे, आमचे हे, मी. मागच्या वर्षीच्या गुढीपाडव्याला, म्हणजे आमच्याकडे सालगड्याचं वर्ष जेव्हा बदलते तेव्हा, मी पोरीच्या शाळेतली उरलेली दोनशे पानी वही घेतली आणि एका पानाला दोन रकाने पाडले, "ठरवलं" आणि "झालं". आमचे हे हसले, म्हणे वावरात वही चालत नाही, डवरा चालते. मी म्हटलं तुम्ही डवरा चालवा, वही मी पाहून घेते.

ठरवताना पहिलाच घोटाळा. सासरे म्हणे एकरी आठ क्विंटल लिही. मी म्हटलं आठ झाले आणि खर्चातच गेले तर? मग बरीच ओढाताण होऊन ठरलं की क्विंटल नाही लिहायचे, एकरी हातात किती उरले पाहिजे ते लिहायचं, आणि दोन्ही वावरांचा हिशोब वेगळा. एक रस्त्याचं, चार एकर. दुसरं नाल्याचं, दोन एकर, तिथं पाऊस जरा जास्त झाला की पाणी साचते. आतापर्यंत सगळा कापूस एकाच खोलीत पडायचा आणि एकाच गाडीत जायचा, त्यामुळे कोणतं वावर कमावते अन् कोणतं खाते ते कधी समजलंच नाही. यंदा वेचणीच्या वेळी नाल्याच्या वावरातल्या गाठोड्यांना मी लाल चिंधी बांधली. एवढंच केलं, पण वर्षाचं सगळं चित्र त्यानं बदललं.

2025-26 चा हिशोब असा. एकूण 37 क्विंटल. सहा एकराच्या सरासरीनं पाहिलं तर वाईट नाही, कोणी विचारलं तर सांगायला बरं. पण त्यात रस्त्याच्या वावराचे 30 आणि नाल्याचे फक्त 7. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 होता, पण नाल्याकडच्या मालात ओलावा, आणि सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, 12 टक्क्यांच्या वर ओलावा असला की घेत नाही, दिवाळी तोंडावर, म्हणून खेडा खरेदीत, म्हणजे गावातच व्यापाऱ्याला, 7000 नं गेला. म्हणजे 49 हजार आले. बियाणं, खत, फवारे, निंदण, वेचणी धरून नगदी खर्च 44 हजार. पाच हजार उरले म्हणून आमचे हे खुश.

मग मी वहीचं मागचं पान उघडलं. तिथं सासूबाईंचे आणि माझे दिवस लिहिले होते, त्या दोन एकरात सासूबाई 19 दिवस, मी 26 दिवस. गावात बाईची जी मजुरी चालू आहे, 250, तीच लावली तर 11,250 होतात. म्हणजे पाच हजार उरले नाहीत, सव्वासहा हजार आम्ही दोघींनी पदरचे घालून ते वावर पोसलं. घरात बराच वेळ कोणी बोललं नाही.

आता गंमत पाहा, सरकार 2018 च्या बजेटपासून हमीभाव उत्पादन खर्चाच्या दीडपट म्हणते, त्या खर्चात नगदी खर्चासोबत घरच्या माणसांची मजुरीही धरलेली असते, अशा खर्चालाच ए2+एफएल म्हणतात. (शेतकरी संघटना स्वामिनाथन यांच्या शेतकरी आयोगाचं नाव घेऊन त्याच्याही पुढचं, जमिनीचं भाडं आणि भांडवलाचं व्याज धरून मागतात, तो वाद वेगळा.) म्हणजे दिल्लीच्या कागदावर माझ्या सासूची मजुरी आहे आणि आमच्याच घरच्या वहीत नव्हती. आधी सरकारला शिव्या देत होतो, आता जरा स्वतःलाही देतो.

सगळं ठरवलेलं जमलं असंही नाही. फवारे सातवरून चारवर आणायचे ठरवले होते, पाच झाले. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, लावले, सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारायचं असं लिहून ठेवलं होतं, पण शेजारच्यानं पंप काढला की आमच्या ह्यांच्या जिवाला चैन पडत नाही, तो पाचवा फवारा तसाच गेला. वहीत मी कारण लिहिलं आहे, "शेजारी". पीककर्ज मात्र मुदतीत भरलं, कारण मुदतीत भरलं तरच केंद्राची 3 टक्के सूट मिळून व्याज 7 चं 4 होते, आणि ती तारीख वर्षभर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात होती.

यंदा पाडव्याला नाल्याच्या वावरात पऱ्हाटी बंद, खरिपात ते मोकळं ठेवून रब्बीला हरभरा, असं ठरलं. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही, दोन एकर मोकळं दिसलं तर लोक काय म्हणतील म्हणतात.

तर साहेब, त्या फोटोखाली आणखी दोन ओळी टाका, खर्च जाऊन उरले किती, आणि त्यात घरच्या बायांचे दिवस धरले की नाही. ज्याला सांगायचं नसेल तो नाही सांगणार, पण विचारा तरी.

परवा पऱ्हाट्या उपटून आलो, सासूबाईंनी हातपाय पण धुतले नव्हते, अंगणातूनच आवाज दिला, "माहे दिवस लिवले का वं?"

आपली वाचक,
एक कास्तकारीण, जि. यवतमाळ
(नाव छापू नये, घरी वाद होईल)