एसटी, वडाप आणि मधला हप्ता : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : ग्रामीण भागातील अवैध प्रवासी वाहतुकीस परवान्याच्या कक्षेत आणण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका डोंगरी तालुक्याच्या गावी बसस्थानकासमोर माझे किराणा मालाचे दुकान आहे. कोणती फेरी सुटली आणि कोणती रद्द झाली हे गिऱ्हाइकांच्या तोंडून मला दिवसभर कळत असते, आणि फाटकाबाहेर वडापच्या, म्हणजे विनापरवाना माणसे भरून नेणाऱ्या, जीपा नंबरला लागल्या की त्यांचा पुकाराही गल्ल्यावर बसल्या बसल्या ऐकू येतो. एसटी सरकारी, वडाप खासगी, आणि दोघांपैकी कोण बरे, एवढ्यावरच आपल्याकडची चर्चा घुटमळते. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. वडाप हा धड खासगी धंदाही नाही, कारण त्याला टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत थांबत उतारू चढवण्या-उतरवण्याचा, परवाना नाही, भाडेफलक नाही, प्रवाशाच्या जिवाला विम्याची हमी नाही, आणि गाडी उद्या रस्त्यावर दिसणार की नाही हे गिऱ्हाईक ठरवत नसून हप्ता घेणारा ठरवतो. आडगावांच्या रस्त्यावरून शासन मागे सरले, तो रस्ता त्याने रीतसर कोणाला दिलाही नाही, आणि त्या मोकळ्या जागेत ही तिसरीच मालकी उभी राहिली.

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली. त्यापूर्वी खासगी मोटारमालक गाडी गच्च भरल्याखेरीज हलवत नसत आणि उतारू कमी असले तर फेरीच मारत नसत. प्रवासी असोत वा नसोत, ठरल्या वेळी गाडी सुटेल, हे वचन एसटीने दिले आणि ‘गाव तिथे एसटी’ म्हणत अनेक वर्षे पाळलेही. वडाप मात्र आजही भरल्यावरच सुटते. सकाळी कॉलेजच्या वेळी पाच मिनिटांत भरते. दुपारी बाजार करून परतणारी म्हातारी माणसे तीत तासभर घामाघूम होऊन बसून राहतात. संध्याकाळची मुक्कामी गाडी बंद झालेल्या गावात तर अंधार पडल्यावर आजारी माणसाला तालुक्याला आणायचे झाले, तर अख्खी जीप ठरवावी लागते.

ही जीप आतून कशी असते, ते आपल्या खात्याला ठाऊक नाही असे नाही. दहाजणांच्या गाडीत पंधरा-सोळा माणसे कोंबलेली, चालक स्वतः दाराकडे निम्मा कलंडलेला, मागच्या फुटबोर्डवर कॉलेजची पोरे लटकलेली आणि टपावर तेलाचे डबे नि साखरेची पोती. त्यातला काही माल माझ्याच दुकानातून गेलेला असतो, कारण वरच्या वाड्यांवर माल पोचवायला दुसरे साधन नाही. एका जीपमालकाने मला त्याची हिशेबाची वही दाखवली होती. डिझेल, पंक्चर, चालकाचा पगार, फायनान्सचा हप्ता असे सगळे खर्च तीत नीट मांडलेले होते आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक रक्कम होती, जिच्यापुढे नुसते ‘वरचे’ एवढेच लिहिलेले. त्या रकमेची पावती कोणाकडेही नाही. तरीही ती ठरल्या तारखेला जाते, आणि तो मालक ती कुरकुर न करता देतो, कारण ती चुकली तर दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहते.

महोदय, तो कर नाही तर काय आहे? एसटीच्या तिकिटावर शासन साडेसतरा टक्के प्रवासी कर घेते. ज्या महामंडळाचा संचित तोटा आपल्याच २०२५ च्या श्वेतपत्रिकेनुसार दहा हजार कोटी रुपयांच्या वर गेला आहे, त्याच्या रोजच्या गल्ल्यातून ही रक्कम जाते. त्याच रस्त्यावर, त्याच प्रवाशांकडून भाडे घेणारा वडापवाला सरकारी तिजोरीत या खात्यावर एक पैसाही भरत नाही, पण फुकटही चालत नाही. तो भरतो, फक्त भलत्या खिशात.

यावर आपल्या खात्याचे ठरलेले उत्तर म्हणजे कारवाईची मोहीम. विनापरवाना प्रवासी वाहतुकीस मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बसस्थानकापासून दोनशे मीटरच्या आत खासगी वाहनाने प्रवासी घेऊ नयेत असाही दंडक आहे. आपल्या खात्याचे वाहनतपासणीचे वायुवेग पथक येणार ही बातमी पथकाच्या आधी पोचते, दोन दिवस जीपा गायब होतात, आणि त्या दोन दिवसांत माझ्या दुकानाच्या पायरीवर वाड्यावस्त्यांचे लोक हताश बसलेले असतात, कारण जीप बंद केली म्हणून त्या जागी एसटी सोडली असे आजवर कधी झालेले नाही. दंडाची रक्कम वाढली, तशी डोळेझाकीची किंमत वाढली. बाकी काही बदलले नाही.

हीच गोष्ट शासनाने एकदा स्वतःच्या सोयीने उलटीही केली होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चिघळला, तेव्हा शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकेच काय मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितले आणि संप मिटला. तोपर्यंतच्या त्या महिन्यांत आदल्या दिवशीचा गुन्हा दुसऱ्या दिवशी लोकसेवा ठरला होता. म्हणजे परवानगी देणे अवघड नाही. शासनाची गरज असली की ती एका कागदावर मिळते.

सवलतींचे दुखणे मला याहून मोठे वाटते, आणि त्यावर फारसे कोणी बोलत नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट झाले, आणि खेड्यातल्या शाळकरी मुलींचा पास तर आधीपासून मोफत आहे. या सवलतींची भरपाई शासन महामंडळाला देते, हे योग्यच आहे. पण ही सवलत एसटीच्या दारातून चढणाऱ्यालाच मिळते. ज्या वाडीची फेरी ‘भारमान कमी’, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, म्हणून बंद झाली, तिथली म्हातारी पूर्ण भाडे मोजते, आणि बारावीतली मुलगी मोफत पास दप्तरात ठेवून वडापला रोज पैसे देते. मग घरात एकाचेच शिक्षण परवडणार असले, तर ते कोणाचे थांबते, हे मी आपल्याला सांगायला नको. राज्याच्या अर्थसंकल्पात जी सवलत सर्वांच्या नावे आहे, ती प्रत्यक्षात हमरस्त्यालगतच्या गावांची झाली आहे.

खासगीकरण हे उत्तर आहे असे मला म्हणायचे नाही. ते वरच्या अंगाने कधीच सुरू झाले आहे. एसटीच्या २०१७ पासूनच्या वातानुकूलित शिवशाहीतल्या बऱ्याच गाड्या भाड्याच्या होत्या. पुढे ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार झाला, आणि गाड्या वेळेत आल्या नाहीत म्हणून तो रद्द करण्याची भाषा आपल्या खात्यालाच करावी लागली. हजारो बसचा पुरवठा करू म्हणणाऱ्या कंत्राटदारासाठी निविदा, करार आणि मुदतवाढ अशी पुढच्या दारातली व्यवस्था आहे. एका जुन्या जीपवर घर चालवणाऱ्याला मात्र मागच्या दारानेच यावे लागते. (लांब पल्ल्याच्या खासगी ट्रॅव्हल्सचे काय सांगावे! एसटीच्या दीडपटीहून अधिक भाडे घेऊ नये असा शासन निर्णय २०१८ मध्ये झाला; दिवाळीच्या आठवड्यात त्याचे काय होते ते पुण्याहून गावी येणाऱ्या कोणालाही विचारावे.)

मार्ग कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ ला जोडलेले उपकलम (३) राज्य शासनाला ग्रामीण वाहतूक आणि शेवटच्या टप्प्याची जोडणी यांसाठी योजना आखून तीखाली परवाने देण्याचा अधिकार देते. हा अधिकार वापरून आपण तालुका ते वाडी अशा, एसटीची एकही फेरी नसलेल्या किंवा नावापुरती असलेल्या मार्गांचे परवाने स्थानिक वाहनमालकांना द्यावेत. मात्र त्या मार्गाचे वेळापत्रक आगाराने ठरवावे. गाडी त्याची, वेळ एसटीची. भरो न भरो, ठरल्या वेळी गाडी सुटलीच पाहिजे ही परवान्याची पहिली अट असावी. पिवळी नंबरपाटी, प्रवासी विमा, आसनांइतकेच प्रवासी आणि दारावर भाडेफलक या पुढच्या. एसटीचे पास आणि सवलती त्या गाडीतही चालाव्यात आणि त्यांची भरपाई आगारामार्फत मिळावी. रिकाम्या फेरीचा तोटा कोणी सोसायचा, हा यातला खरा कठीण प्रश्न आहे, आणि तो जीपमालकाच्या माथी मारला तर योजना महिनाभरही टिकणार नाही. केरळने २०२२ पासून ‘ग्रामवंडी’ योजनेत सरकारी बसच्या इंधनाचा खर्च स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिला आहे. आपल्याकडे त्यात जिल्हा परिषदेचा वाटा किती असावा, हे ठरवता येईल.

एसटीच्या कामगार संघटना याला विरोध करतील, आणि त्यांची भीती अनाठायी नाही, कारण आज वाडीचा परवाना दिला तर उद्या तालुका ते जिल्हा हा चालता मार्गही जाईल, असे त्यांना वाटणारच. म्हणून योजनेत अंतराची मर्यादा स्पष्ट असावी, तालुका ते जिल्हा आणि त्यापुढचे मार्ग एसटीचेच राहावेत, आणि परवाना दिलेल्या मार्गावर एसटीने पुन्हा नियमित फेरी सुरू केल्यास तो मार्ग तिला परत मिळावा. चालता मार्ग हातून गेला, तर तोट्याच्या मार्गाचे ओझे एसटीने कशाच्या जोरावर उचलायचे?

आणखी एका गोष्टीला तर ना योजना लागते ना निधी. प्रत्येक आगाराने दर महिन्याला नियोजित फेऱ्या किती, प्रत्यक्ष सुटल्या किती आणि रद्द झालेल्या कोणत्या मार्गावरच्या, हे बसस्थानकाच्या फलकावर आणि महामंडळाच्या संकेतस्थळावर लावावे. परवाने कुठे द्यायचे याची यादी त्यातूनच तयार होईल. हे आदेश आपण येत्या शैक्षणिक वर्षाआधी काढावेत आणि पहिले परवाने प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका डोंगरी किंवा दुर्गम तालुक्यात द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला,
बसस्थानकासमोरचा एक किराणा दुकानदार